स्लिंगला टॅग लावायचा, पण कोणता आणि कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत फॅब्रिकेशन शॉप, दोन बे, १० आणि २० टनांच्या ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणाऱ्या). क्रेनला भार अडकवायच्या स्लिंग (बेल्ट, चेन आणि वायर रोपच्या), शॅकल (पिन लावून जोडायची कडी), प्लेट क्लॅम्प (पत्रा पकडणारा चिमटा), चेन पुली असे सगळे मिळून चारेकशे नग. पंच केलेले नंबर वाचता येत नाहीत, एक्सेलमधली यादी आणि रॅकवरचा माल जुळत नाही. एका विक्रेत्यानं सगळ्या नगांना यूएचएफ टॅग (लांबून रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप) आणि स्टोअरच्या दारावर तो वाचणारा रीडर असं कोटेशन दिलंय. ते घ्यावं का, टॅग कोणता, तपासणीचा वेळ किती वाचेल आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर हे मान्य करतील का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. टॅग जरूर लावा. दारावरचा रीडर घेऊ नका. तपासणीचा वेळ वाचणार नाही, पहिल्या वर्षी तर वाढेल. वाचेल तो नग शोधण्याचा, नंबर घासून वाचण्याचा आणि रात्री बसून रजिस्टर भरण्याचा वेळ, आणि तो थोडाथोडका नसतो. इन्स्पेक्टरसाहेबांचं म्हणाल तर टॅग असल्याबद्दल ते काही म्हणणार नाहीत, पण टॅग आहे म्हणून पंच केलेला नंबर नसला तरी चालेल, असंही म्हणणार नाहीत.

मी वीसेक वर्षं हेच काम करतोय. नंबर वाचणं हा प्रकार बाहेरच्याला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. चार पायांची वायर रोप स्लिंग जमिनीवर पसरलेली असते. फेरुलजवळ (दोरीचं टोक दाबून पकडणाऱ्या नळकांड्याजवळ) ॲल्युमिनियमचा बिल्ला असतो, त्यावर ग्रीस, वर कटिंगची काजळी, वर मागच्या तिमाहीच्या तपासणीची खूण म्हणून मारलेला पिवळा रंग. हेल्पर हॅक्सॉचं तुटकं पातं घेऊन खरवडतो, तोंडातली हवा मारतो, उजेडाकडे धरतो. "साहेब, सतरा." दुसरा म्हणतो, "एकाहत्तर वाटतंय." बिल्ला उलटा धरला होता की सुलटा, यावर पाच मिनिटं जातात. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर रजिस्टरमध्ये जातो. एका कारखान्यात मला ४१ नंबरच्या दोन बेल्ट सापडल्या. चौकशी केल्यावर कळलं की जुनी बेल्ट बाद झाली तेव्हा तिचा बिल्ला स्टोअरवाल्यानं नव्या बेल्टला बांधला, कारण "सर्टिफिकेट अजून आठ महिने बाकी होतं". आणि बाद झालेली बेल्ट? ती फेकायला जिवावर आली म्हणून कोणीतरी मार्करनं नंबर टाकून परत रॅकवर लावली.

हा रोग ओळखीचा आहे, आणि त्यावर आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वाचले जाणारे टॅग, हे चांगलं औषध आहे. पण ओळख पटणं आणि तपासणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकणारा त्या एकत्र करून विकतो. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. तो नंबर वाचून गाय कोणाची, लस कधी दिली हे कळतं. ती आजारी आहे का हे बघायला डॉक्टरला गोठ्यातच यावं लागतं. टॅगची सगळी निवड याच एका गोष्टीवरून करायची: टॅग असा हवा की तो वाचण्यासाठी माणसाला त्या वस्तूपाशी जावंच लागेल.

म्हणूनच मी यूएचएफला नाही म्हणतोय. आपल्याकडे यूएचएफ आरएफआयडी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, फास्टॅग त्यातलाच. टॅगमध्ये बॅटरी नसते, रीडरच्या लहरींवरच चिप जागी होते आणि काही मीटरवरून नंबर देते. टोलनाक्यावर हा गुण आहे. स्टोअरच्या रॅकपाशी हाच दोष होतो. तुम्ही हातात ३ टनांची पिवळी बेल्ट धरलीय, ट्रिगर दाबला, आणि पडद्यावर शेजारच्या खुंटीवरच्या सहा बेल्ट आल्या. त्यातली कोणती तुम्ही तपासली? ताकद कमी करून, अँटेनाचा रोख बदलून हे आवरता येतं, पण लोखंडी शेड, लोखंडी रॅक आणि लोखंडी माल यांत लहरी कुठे आपटून कुठे जातील याचा नेम नसतो. त्याच रॅकवर काही नग असे असतात की काही केल्या वाचलेच जात नाहीत, कारण टॅग दोन शॅकलांच्या मध्ये दबलाय. दारावरच्या रीडरची तीच गत. हेल्पर खांद्यावर चेन टाकून गेला, टॅग त्याच्या शरीराआड गेला, नोंद झाली नाही. महिन्याभरात स्टोअरवाला त्या यादीवर विश्वास ठेवणं सोडतो, आणि एकदा विश्वास उडाला की यंत्रणा भिंतीवर दिवे लुकलुकवत राहते एवढंच.

यूएचएफ निरुपयोगी आहे असं नाही. मोठ्या प्रकल्पाच्या साइटवर कंटेनरभर रिगिंगचं (भार बांधण्या-उचलण्याचं) सामान असतं. संध्याकाळी काय परत आलं आणि काय गवतात राहिलं याची मोजदाद करायला तो उत्तम. मोजदाद आणि तपासणी दोन्ही हवं असेल तर एकाच टॅगमध्ये दोन्ही तंत्रं असलेले नगही मिळतात. चारशे नगांच्या, एकाच छपराखालच्या शॉपला त्याची गरज नाही.

तुम्हाला हवा तो एचएफ, १३.५६ मेगाहर्ट्झचा. मोबाइलमधलं एनएफसी याच लहरीवर चालतं. टॅग दोन-चार सेंटिमीटरवर आणल्याशिवाय वाचला जात नाही. विक्रेता याला मर्यादा म्हणेल, मी याला त्या टॅगचा सगळ्यात मोठा गुण म्हणतो. दुसरा फायदा पैशाचा. वेगळा रीडर लागत नाही, एनएफसी असलेला साधा अँड्रॉइड फोन पुरतो. फक्त खरेदीच्या वेळी बघून घ्या, कारण आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये एनएफसी नसतं. खरेदी विभागानं हजार-दोन हजार वाचवून असेच फोन आणल्याचं मी पाहिलंय. आणि तुमचं शॉप भोसरीत आहे म्हणून ठीक, पण हे वाचणारे कोणी तारापूर, लोटे, पाताळगंगेच्या केमिकल प्लांटमधले असतील तर ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रात साधा फोन खिशातूनही न्यायचा नाही. तिथे त्या क्षेत्रासाठी प्रमाणित केलेलंच उपकरण लागतं. १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचे एलएफ टॅगही असतात. धातूचा त्यांना त्रास कमी, पण फोन ते वाचत नाही, म्हणून बाजूला ठेवू.

आता धातूचा प्रश्न. एनएफसीचं साधं स्टिकर घ्या, टेबलावर ठेवून फोननं वाचा: लगेच वाचलं जातं. तेच १२ टनांच्या शॅकलच्या अंगावर चिकटवा आणि फोन लावा. काहीच होत नाही, जणू टॅग मेलाय. मेलेला नसतो. रीडरचं चुंबकीय क्षेत्र लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह तयार करतं, ते प्रवाह उलटं क्षेत्र तयार करून मूळ क्षेत्र खाऊन टाकतात, आणि चिपपर्यंत वीज पोचतच नाही. मध्ये रबराचा जाडसर तुकडा ठेवला की टॅग कुरकुरत वाचायला लागतो. म्हणून धातूवर लावायच्या टॅगच्या पाठीला फेराइटचा थर असतो, तो क्षेत्राला लोखंडात शिरू न देता वळवून परत आणतो. कोटेशनमध्ये "धातूवर चालणारा" हे शब्द लिहून घ्या. नुसतं "इंडस्ट्रियल टॅग" लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. साध्या टॅगची तापमानमर्यादा साधारण ८५ अंश असते. गॅस कटिंगच्या बाजूला, फर्नेसपाशी वापरायच्या चेनला जास्त तापमानाचे टॅग मागवा. मात्र ग्रेड ८० ची (जास्त ताकदीच्या पोलादाची) चेन २०० अंशांच्या वर गेली की तिची भार क्षमता कमी धरावी लागते आणि ४०० च्या वर ती वापरायचीच नाही. टॅग जळालेला दिसला तर आधी टॅग बदलू नका, आधी चेन बाजूला काढा.

टॅग लावायचा कुठे, यात लोक जास्त चुकतात.

पहिला नियम: स्वतः भोक पाडायचं नाही. काही परदेशी उत्पादक चेनच्या जोडण्यांत, शॅकलमध्ये कारखान्यातच बारीक टॅग बसवून देतात. क्रॉस्बी, रुड यांच्याकडे तसे नग मिळतात. ते भोक कुठे, किती खोल, हे त्यांनी हिशोब करून ठरवलेलं असतं. ते बघून आपल्या फिटरनं चार मिलीमीटरचं ड्रिल लावून जुन्या हूकला भोक पाडलं, तर तो हूक त्या क्षणी भंगार झाला. वेल्डिंगचा टाका मारणं त्याहून वाईट. ग्रेड ८० ची साखळी उष्णतेच्या प्रक्रियेनं कडक केलेली असते, टाक्याच्या जागी तो गुणच जातो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

दुसरा नियम: जिथे नुकसान आधी दिसतं ती जागा टॅगनं झाकायची नाही. वायर रोप स्लिंगवर फेरुलला लागून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घालून आत टॅग ठेवलेला मी बऱ्याच ठिकाणी बघतो. दिसायला फार व्यवस्थित. पण तारा तुटायला सुरुवात बहुतेक वेळा फेरुलच्या तोंडाशीच होते, आणि स्लीव्हखाली पाणी साचून गंजही तिथेच धरतो. तपासायची नेमकी तीच जागा आपण झाकून ठेवली. वायर रोपला टॅग लोंबता लावा, पोलादी दोरीच्या छोट्या फासानं, डोळ्याच्या (टोकाच्या गोल फासाच्या) आतल्या बाजूला, जिथे हूक बसत नाही.

चेन स्लिंगला वरच्या मास्टर लिंकवर (सगळे पाय जोडणाऱ्या मोठ्या कडीवर) भार क्षमतेची पाटी असते. टॅग त्या पाटीच्याच कडीत लावा, पायांच्या कड्यांत नाही. बेल्टला तर स्वतः काहीच करू नका. टॅग चिकटवायला वापरलेलं रसायन पॉलिएस्टरला काय करेल हे तुम्हाला माहीत नसतं, आणि सुईनं शिवायला गेलात तर भार घेणारे धागे तुटतात. उत्पादकाला सांगा, लेबलच्या कप्प्यात टॅग शिवून द्या. पुढच्या ऑर्डरपासून बहुतेक जण देतात. बेल्टचं लेबल फाटलं की तशीही ती बेल्ट बाद धरायची असते, त्यामुळे लेबल आणि टॅग एकत्र असणं सोयीचंच आहे. रंगावर विसंबू नका. जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, लाल ५ हे खरं, पण उन्हात वर्ष काढलेला लाल आणि नवा नारिंगी यांतला फरक रात्रपाळीत ओळखून दाखवा.

शॅकलची गंमत वेगळी आहे. शॅकल म्हणजे दोन वस्तू, धनुष्य आणि पिन, आणि त्या दिवसातून चार वेळा सुट्या होतात. टॅग धनुष्याला लागतो. संध्याकाळी टोपलीत पिना वेगळ्या पडतात आणि सकाळी ज्याला जी बसेल ती लागते. टॅग सांगतो शॅकल ठणठणीत, आत पिन मात्र दुसऱ्याच मापाची किंवा चक्क हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट. म्हणून शॅकलच्या नोंदीत पिनच्या व्यासाचं माप स्वतंत्र लिहा. दोन टनांखालच्या शॅकलना आणि आय बोल्टना मी टॅग लावत नाही. टॅग टिकत नाही, आणि त्या मापाला पंच नंबर आणि तिमाहीचा रंग पुरतो.

प्लेट क्लॅम्पला टॅग बाजूच्या पत्र्यावर, लॉकच्या खटक्यापासून लांब. चेन पुलीला बॉडीवर भरपूर जागा असते. राहिली क्रेन. क्रेनला एक टॅग पेंडंटपाशी (खाली लोंबणाऱ्या बटणांच्या पेटीपाशी) लावून लोक मोकळे होतात, आणि मग महिन्याची तपासणी खाली उभं राहूनच होते. मी क्रेनला तीन टॅग लावतो. एक हूक ब्लॉकला, एक वर रोप ड्रमजवळ, एक ट्रॅव्हलच्या टोकाला लिमिट स्विचपाशी (क्रेन टोकाला आली की थांबवणाऱ्या स्विचपाशी). ते एचएफ असल्यामुळे वाचायला वर चढावंच लागतं. दोन टॅगमधला वेळ बघितला की माणूस ड्रमपाशी किती थांबला ते कळतं. एका ठिकाणी हे लावल्यावर पहिल्याच महिन्यात ड्रमजवळच्या रोप क्लॅम्पचा एक बोल्ट ढिला असल्याचं कळलं. तो कधीपासून ढिला होता हे विचारायचं नाही.

टॅगमध्ये काय लिहायचं? काही नाही. चिपला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो, तो पुरे. सर्टिफिकेटची तारीख, क्षमता, तपासणाऱ्याचं नाव हे सगळं टॅगमध्ये भरून देतो असं विक्रेता सांगतो, तेव्हा विचारा की टॅग तुटला तर ते कुठे गेलं. शिवाय जागा किती असते बघा. एनएफसीच्या एका प्रचलित चिपमध्ये आपल्यासाठी १४४ बाइट असतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ४८ चिन्हं. "दोन पायांची चेन स्लिंग, क्षमता ४.२५ टन" एवढं लिहिलं की कागद संपत आला. इतिहास डेटाबेसमध्ये ठेवा, टॅग हा त्या पानापर्यंत जायचा दरवाजा. आणि वस्तूची खरी ओळख म्हणजे तुमचा पंच केलेला नंबर. टॅग आज आहे, उद्या हातोडीखाली फुटेल, नंबर तोच राहील. तुटलेल्या टॅगच्या जागी नवा लावायचा अधिकार एकाच माणसाला द्या. त्यानं आधी पंच नंबर आणि मापं जुन्या नोंदीशी जुळवायची, जुळली नाहीत तर नग बाजूला.

आता मूळ दुखणं. एका मोठ्या शॉपमध्ये यंत्रणा बसवून सहा महिने झाले होते, मला वार्षिक तपासणीला बोलावलं. आधी मी त्यांच्या तिमाही तपासणीच्या नोंदी मागवल्या. ६३ नग, सगळे योग्य. वेळा बघितल्या: पहिली नोंद ४ वाजून ३८ मिनिटांनी, शेवटची ४ वाजून ४९ ला. अकरा मिनिटांत ६३ नग, म्हणजे एकाला साडेदहा सेकंद. त्यात चार पायांच्या चेन स्लिंगही होत्या. चेन पुसून, प्रत्येक पाय ताणून, कडी न कडी बघत गेलं तर एका स्लिंगला मला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ज्यानं नोंदी केल्या त्या पोराला विचारलं. तो अजिबात घाबरला नाही. म्हणाला, "साहेब, टॅगला फोन लावला की हिरवी टिक येते. मग अजून काय करायचं असतं?"

चूक त्याची नव्हती. ज्यानं ॲप बनवून घेतलं त्यानं टॅग वाचणं म्हणजेच तपासणी असं ठरवून टाकलं होतं. टॅग वाचल्यावर फक्त पान उघडलं पाहिजे, रंग राखाडी. मग माप मागितलं पाहिजे. चेनची सगळ्यात झिजलेली कडी कोणती, तिचा व्यास काटकोनातल्या दोन मापांची सरासरी घेऊन किती? १० मिलीमीटरच्या चेनला सरासरी ९ च्या खाली गेली की बाद. हूकचं तोंड किती? लॅच (हूकच्या तोंडाचा खटका) बसतो का? फोटो काढा. माप भरल्याशिवाय हिरवं नाही. आणि "योग्य" असं बटण तर ठेवूच नका, बोट आपोआप तिथे जातं.

मापाचा इतिहास हीच या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई. एक उदाहरण देतो. हूक नवा आला त्या दिवशी आम्ही तोंडाच्या दोन्ही बाजूंना बारीक खुणा करून व्हर्नियरनं अंतर घेतलं, ३२.० मिलीमीटर. सहा महिन्यांनी ३२.४, नंतर ३३.१, मग एकदम ३४.९. चारही वेळा कागदावर "तपासले, योग्य" लिहिता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं, कारण युरोपीय प्रमाणात १० टक्क्यांपर्यंत वाव आहे आणि ३४.९ म्हणजे ९ टक्के. अमेरिकन प्रमाण ५ टक्क्यांचं, त्या हिशोबानं तो ३३.६ लाच गेला असता. पण आकडे ओळीनं समोर आल्यावर माणूस टक्के बघत नाही, शेवटची उडी बघतो. त्या सहा महिन्यांत या हूकला कोणीतरी जास्त भार लावला होता किंवा टोकावर भार घेतला होता. शोधल्यावर कळलं, डाय फिरवताना हूकचं टोक आत घालून उचकटत होते. हूक कापला आणि उचकटायला वेगळी पहार दिली. तुमची मर्यादा कोणती हे उत्पादकाच्या कागदावरून आधी ठरवून ॲपमध्ये घाला, प्रत्येक वेळी वाद नको.

बाद केलेल्या नगाचं काय करायचं? डेटाबेसमध्ये लाल झाला म्हणून बेल्ट लाल होत नाही. ती त्याच दिवशी, तुमच्या डोळ्यांसमोर, मधोमध आणि तिच्या दोन्ही टोकांच्या फासांत कापा. चेन आणि हूक गॅसनं कापा. टॅग हातोडीनं फोडून कापलेल्या तुकड्यांचा फोटो नोंदीला जोडा. अख्खा नग भंगारात दिलात तर तो भंगारवाल्याकडून कुठल्यातरी छोट्या वर्कशॉपमध्ये जाईल आणि तिथे पुन्हा भार उचलेल.

रिगर आणि खलाशी, म्हणजे भार बांधणाऱ्या-उचलणाऱ्या लोकांच्या हाती हे कसं पोचतं यावर बरंच अवलंबून आहे. त्यांना रोज उचलण्याआधी एक नजर टाकायची असते, ती टॅगशिवायही टाकायची. टॅग लावला की त्यांच्या फोनवर तीनच गोष्टी दिसाव्यात: क्षमता मोठ्या आकड्यात, पुढच्या तपासणीची तारीख, आणि त्या नगाचा फोटो. मराठी आणि हिंदी दोन्हींत, कारण तुमच्या बेमधली निम्मी पोरं बिहार-झारखंडची असतील. दोन पायांच्या स्लिंगला कोनाप्रमाणे क्षमता दाखवा. १० मिलीमीटर ग्रेड ८० ची दोन पायांची चेन उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत ४.२५ टन घेते, पाय ६० पर्यंत फाकले की ३.१५ च. हा आकडा वेळेवर समोर आला तर टॅगचे पैसे वसूल. नेटवर्कशिवाय चालणारं ॲप घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्या बेच्या मधोमध रेंज जाते, आणि "लोड होतंय" बघत कोणी क्रेन थांबवत नाही.

कायद्याचं. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ नं तीन गोष्टी मागितल्या: सुरक्षित भार आणि ओळखखूण नगावर स्पष्ट दिसेल अशी, सक्षम व्यक्तीकडून (सरकारमान्य तपासनिसाकडून) १२ महिन्यांतून किमान एकदा संपूर्ण तपासणी, आणि त्याची रजिस्टरमध्ये नोंद. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं तो कायदा आपल्यात घेतला असल्यामुळे कलमांचे आकडे आणि नमुने बदलतात, सध्याचा नमुना तुमच्या सक्षम व्यक्तीकडून घ्या. पण "स्पष्ट दिसेल" या शब्दांवर अडतं. टॅगमधला नंबर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पाटी आणि पंच नंबर राहणारच. सक्षम व्यक्तीच्या सहीचं प्रमाणपत्रही राहणार, त्याची स्कॅन केलेली प्रत टॅगच्या पानाला जोडा. इन्स्पेक्टरसाहेब राउंडला आले की ते रॅकवरची एक बेल्ट स्वतः निवडतात आणि म्हणतात, हिचं प्रमाणपत्र दाखवा. त्या वेळी फोन लावून दहा सेकंदांत कागद समोर आला की पुढची अर्धी चौकशी आपोआप मवाळ होते. बारा महिने ही कायद्याची किमान अट आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी स्लिंग-शॅकलना सहा महिने ठरवलेत, आणि तुमच्यासारख्या दोन पाळ्यांच्या शॉपला मीही सहाच सांगतो, मध्ये घरच्या माणसाची तिमाही.

सुरुवात चारशे नगांपासून करू नका. एक बे घ्या, त्यातल्या चेन स्लिंग आणि प्लेट क्लॅम्प आधी. पहिला आठवडा टॅग न लावता फक्त नग मोजा, धुवा, मोजमाप घ्या. माझ्या अनुभवात या आठवड्यातच बरेच नग भंगारात जातात आणि टॅगची ऑर्डर लहान होते. मग विक्रेत्याकडून दहा नमुने मागा, सगळ्यात वाईट वागणूक मिळणाऱ्या दहा नगांना लावा आणि महिनाभर विसरून जा. महिना झाला की त्याला बोलवा. कॉन्फरन्स रूममध्ये नाही, दुसऱ्या बेमध्ये, पाळी चालू असताना. ग्रीस लागलेल्या स्लिंगवरचा टॅग हातमोजे घालून वाचून दाखवायला सांगा.